नाव खोडलेल्या कागदावर शिक्का बसत नाही

मी डोळ्यांचा सर्जन. नाशिकमध्येच लहानाचा मोठा झालो, इथल्याच एका रुग्णालयात चार वर्षं ऑपरेशनं केली आणि २०१६ मध्ये इंग्लंडला गेलो. तिकडे निघालेली तरुण डॉक्टर मुलं फोन करतात तेव्हा सगळे प्रश्न परीक्षांबद्दल असतात. परीक्षा होतात हो. मला अजून चीड येते ती एका रबरी शिक्क्याची.

तरी परीक्षांचं सांगून टाकतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण साडेसात गुण आणि प्रत्येक भागात किमान सात लागायचे. माझं रायटिंग पहिल्यांदा साडेसहावर अडकलं, दुसऱ्यांदा निघालं. प्लॅब, म्हणजे बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांची परीक्षा, तिचा पहिला भाग मुंबईत दिला, दुसरा मँचेस्टरला. नोकरी लागली ती स्पेशालिटी डॉक्टरची. ऑपरेशन मी करायचं, पण रुग्ण कागदोपत्री कन्सल्टंटचा, म्हणजे वरच्या तज्ज्ञ डॉक्टरचा. नाशिकला स्वतःची ओपीडी चालवून गेलेल्या माणसाला हे टोचतं. मला तरी टोचलं.

कन्सल्टंट व्हायचं तर स्पेशालिस्ट रजिस्टरवर, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या तिथल्या अधिकृत यादीत, नाव लागतं. तिथली मुलं त्यासाठी सात वर्षं शिकतात आणि मोतीबिंदूची किमान ३५० ऑपरेशनं स्वतःच्या हातानं करतात. आपल्यासारख्यानं ‘माझंही शिक्षण तेवढ्याच तोडीचं आहे’ हे माझ्या वेळी कागदांनी सिद्ध करावं लागायचं. तेव्हा या वाटेला सीईएसआर म्हणत, २०२३ च्या अखेरीस नाव बदलून पोर्टफोलिओ पाथवे झालं. माझ्या अर्जाची पानं नऊशेच्या वर गेली. त्यात माझ्या वेळी दोन अटी होत्या. एक, पान ज्या रुग्णालयातलं असेल त्या रुग्णालयाचा त्यावर शिक्का आणि सही हवी. दुसरी, रुग्णाचं नाव, पत्ता, फोन, केस नंबर, काहीही दिसता कामा नये.

वेगवेगळ्या वाचल्या तर दोन्ही अटी शहाण्यासारख्या आहेत. एकत्र घेऊन नाशिकला या म्हणजे कळेल.

फेब्रुवारी २०१९, दोन आठवड्यांची रजा. जुन्या रुग्णालयातून ओटी रजिस्टरच्या, म्हणजे ऑपरेशनांच्या नोंदवहीच्या, झेरॉक्स मिळाल्या, २१४ पानं. आईच्या डायनिंग टेबलावर काळा मार्कर घेऊन बसलो. रात्री एकपर्यंत नावं खोडली, मग एक पान ट्यूबलाइटसमोर धरलं तर आडनाव स्वच्छ वाचता येत होतं. म्हणून सांगतो, खोडलेल्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढा आणि तीच पुढे द्या. मूळ खोडलेलं पान कुणाच्या हातात देऊ नका. खोडताना काही माणसं आठवत होती. साडेबावीस पॉवरची लेन्स, डावा डोळा, पट्टी काढल्यावर आधी नातवाच्या शर्टाचा रंग सांगणारी सुरगाण्याची आजी. तिच्यावरही रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन रेकॉर्ड विभागात गेलो. तिथले भाऊसाहेब जुने, ओळखीचे. चहा मागवला, तिकडे थंडी किती विचारलं, मग पहिलं पान उचललं.

“डॉक्टरसाहेब, हे काय?”

“नावं झाकलीत. तिकडचा नियम आहे.”

“मग यावर शिक्का नाही बसायचा. खाडाखोड केलेला कागद आहे हा.”

मी न खोडलेली प्रत पुढे केली, म्हटलं हिच्यावर मारा, नंतर मी खोडतो. भाऊसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच जणू बनावट सातबारा घेऊन आलोय. “शिक्का मारल्यावर तुम्ही खोडणार? मग तो शिक्का कशाचा झाला?”

आता शांतपणे विचार केला तर त्यांचं चूक नव्हतं. नाव नाही, केस नंबर नाही, मग हे पान याच रजिस्टरचं हे त्यांनी कशाच्या जोरावर सांगायचं? पण तेव्हा माझ्या रजेतले दिवस भराभर संपत होते. मी आवाज चढवला, आणि तीच सगळ्यात मोठी चूक. पुढचे तीन दिवस भाऊसाहेब ‘साहेबांना विचारून सांगतो’ एवढंच म्हणत होते. साहेब, म्हणजे मेडिकल सुपरिटेंडेंट, पुण्याला कॉन्फरन्सला. मग शनिवार. मग साहेब आले, पण ऑपरेशनचा दिवस. मी बाहेरच्या बाकावर रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेलो. एका बाईंनी विचारलंसुद्धा, “तुमचा नंबर कितवा?”

तोडगा शेवटी साहेबांनीच काढला, दोन मिनिटांत. लेटरहेडवर पत्र द्यायचं: रुग्णांची गोपनीयता राखण्यासाठी नावं व क्रमांक झाकले आहेत, सोबतची अमुक ते अमुक पानं मूळ रजिस्टरशी ताडून पाहिली आहेत. आणि खरोखर ताडायची. पत्र टाइप करून घ्यायला सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टासमोर गेलो, कारण रुग्णालयाच्या टायपिस्ट बाई रजेवर. टायपिंगवाल्यानं पहिलाच प्रश्न टाकला, “शंभरचा स्टॅम्प लावायचा का?” नको म्हटल्यावर त्याचा पत्रातला रस संपला. ‘कॅटॅरॅक्ट’ तीनदा चुकवलं.

मग मी आणि भाऊसाहेब समोरासमोर बसलो. ते मूळ रजिस्टरातून तारीख, वय, उजवा की डावा, लेन्सची पॉवर वाचायचे, मी माझ्या पानावर बोट ठेवायचो, ते धप्पकन शिक्का मारायचे. साठाव्या पानाला स्टॅम्प पॅड कोरडं पडलं. मेन रोडला जाऊन नवं आणलं. पॅड स्वतःच घेऊन जा, आणि शिक्क्यात रुग्णालयाचं नाव पूर्ण वाचता येतंय का ते पहिल्याच पानाला बघा. दोन दिवस लागले. भाऊसाहेबांनी चार ठिकाणी माझी चूक पकडली. त्यातल्या एका पानावर मी वयसुद्धा खोडून ठेवलं होतं.

एक सांगायचं राहिलं. पेठ-सुरगाण्याच्या शिबिरातली माझी शेकडो ऑपरेशनं एसआयसीएसची होती. सहा मिलिमीटरच्या आसपासचा बोगद्यासारखा छेद, पिकलेला मोतीबिंदू अख्खा बाहेर, बहुतेकदा टाका नाही. स्वस्त, झटपट, आणि दगडासारख्या कडक मोतीबिंदूला मी आजही तेच निवडीन. पण तिकडच्या त्या ३५० ऑपरेशनांमध्ये हिशेब फेकोचा, म्हणजे छोट्या छेदातून अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायचा. त्यामुळे ज्या कामाचा मला सर्वांत अभिमान, ते अर्जात तळटीपेसारखं राहिलं. तेव्हा इथं असतानाच फेकोची वेगळी वही ठेवा आणि दर महिन्याला वरिष्ठांची सही घ्या. सोबत सलग ५० मोतीबिंदूंचं ऑडिट, म्हणजे निकालांचा आढावाही करून ठेवा, गुंतागुंत झालेल्या केसेस न वगळता. माझ्या अर्जाच्या वेळी पाच वर्षांपेक्षा जुन्या कागदाला वजन कमी मिळायचं, म्हणून जायचं तर लवकर अर्ज करा.

मंजुरीची मेल आली तेव्हा मी क्लिनिकमध्ये होतो. समोरच्या आजोबांची हनुवटी डोळे तपासायच्या स्लिट लॅम्पवर टेकलेली. मेल अर्धीच वाचली आणि त्यांना म्हटलं, वर बघा.

संध्याकाळी आईला फोन केला, मग भाऊसाहेबांना. त्यांनी नाव ओळखलं नाही. रुग्णालय सांगितलं, इंग्लंड सांगितलं, तरी नाही. मग एकदम म्हणाले, “हां हां, ते काळ्या कागदांवाले डॉक्टर!”