माझा पहिला असेंबल पीसी: घोडं अडलं बोर्ड आणि रॅमपाशी

ग्राफिक्स कार्ड मी दहा मिनिटांत ठरवलं होतं. एकूण बजेट 90,000 रुपये, त्यात आरटीएक्स 4060 बसत होतं, विषय संपला. घोडं अडलं मदरबोर्डपाशी, आणि बोर्डाच्या पाठोपाठ रॅमपाशी. ही 2024 च्या दसऱ्याआधीची गोष्ट.

नाशिकचा माझा भाचा या प्रकरणात माझा गुरू. त्याचं म्हणणं, "मामा, बोर्ड कुठलाही चालतो रे, पैसे कार्डात घाल." त्याचं अर्धं बरोबर होतं. महागड्या बोर्डामुळे गेममध्ये फ्रेम वाढत नाहीत. पण बोर्ड ठरला की सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) ठरतं, आणि रॅम जुन्या प्रकारची डीडीआर4 की नवी डीडीआर5 तेही तिथेच ठरतं. दोन्हींच्या पिना 288 च असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, जोर लावला तरी नाही. इंटेलच्या 12 ते 14 व्या पिढीत तर आणखी गंमत. सॉकेट एकच, पण बोर्ड दोन्ही प्रकारचे, आणि काहींच्या नावात फरक म्हणजे शेवटी डी4 एवढंच शेपूट. ऑनलाइन मागवताना मी एकदा असा चुकीचा बोर्ड कार्टमध्ये टाकूनही बसलो होतो.

शेवटी प्रश्न उरला एएमडीच्या प्रोसेसरचं जुनं, डीडीआर4 वालं सॉकेट एएम4 की नवं, डीडीआर5 वालं एएम5 हा. एएम4 स्वस्त पडत होतं, बोर्ड आणि रॅम मिळून सात-आठ हजार सहज वाचत होते. पण ऑफिसमधल्या एकाने 2018 च्या बी450 या एएम4 बोर्डावर नुसतं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन 5600 हा पुढचा प्रोसेसर चढवला होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे बोर्ड न बदलता नवा प्रोसेसर घालू देण्याचं काम एएम4 ने चोख केलं होतं, पण आता त्या गाडीचा शेवटचा थांबा आला होता. एएम5 ला 2027 आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर येतील, असं एएमडीने त्याच वर्षी जाहीर केलं होतं. मी सहा वर्षांतून एकदा मोठा खर्च करणारा माणूस. रायझन 5 7600 प्रोसेसर आणि बी650 चिपसेटचा एएम5 बोर्ड, ठरलं.

एका शनिवारी डोंबिवलीहून लोकल धरली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार, गाठला. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं विचारलंत तर लोक तुमच्याच तोंडाकडे बघतील. तिसऱ्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने माझी यादी वाचली आणि म्हणाला, "साहब, अभी 16 जीबी रॅम की एक स्टिक डालो, बाद में दूसरी ले लेना." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण एकच स्टिक लावली की मेमरीचा एकच चॅनल चालतो, प्रोसेसरला निम्मीच वाट मोकळी मिळते, आणि गेममध्ये नेमक्या धामधुमीच्या वेळी झटके बसतात. शिवाय वर्षभराने त्याच नावाची स्टिक आणली तरी आतल्या चिपा त्याच असतील याची खात्री नाही. म्हणून 16 च्या दोन, एकाच खोक्यातल्या.

मग त्याने 5200 वेगाच्या रॅमची जोडी काढली. खोक्यावर बारीक अक्षरांत सीएल40; सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती ठोके थांबते तो आकडा. इथे माझा रात्रींचा अभ्यास कामी आला. हिशोब सोपा आहे: सीएलला 2000 ने गुणा आणि वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात. 5200 सीएल40 म्हणजे 15.4. 6000 सीएल30 म्हणजे 10. आणि जुनी डीडीआर4, 3200 सीएल16? तीही 10 च! नवी रॅम एका वेळी माल जास्त वाहते, पण पहिली खेप हातात यायला लागणारा वेळ तेवढाच. मी 6000 सीएल30 ची जोडी घेतली, 1,200 रुपये जास्त मोजून. खोक्यावर एक्सपो (एएमडी बोर्डावर रॅम पूर्ण वेगाने चालवायची तयार सेटिंग) लिहिलेलं आहे ना, ते मात्र दोनदा पाहिलं. आधी बोर्डाच्या साइटवरच्या तपासलेल्या रॅमच्या यादीत मॉडेल नंबरही शोधून ठेवला होता.

बोर्डाचं म्हणाल तर छोटा मायक्रो एटीएक्स, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) नीट हीटसिंक, वायफाय बोर्डावरच. वायफाय नसलेला 1,500 ने स्वस्त होता, पण माझा राउटर हॉलमध्ये आणि पीसी आतल्या खोलीत. बिल पक्कं घेतलं, त्यावर सिरियल नंबर लिहून घेतले.

घरी येऊन रात्री जुळणी केली. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये स्टिक बसवल्या, टक्कन आवाज येईपर्यंत. बटण दाबलं. पंखे फिरले, बोर्डावर डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, पिवळा दिवा लागला, स्क्रीन काळी. एक मिनिट. दोन मिनिटं. घाम. मी बंद करून स्टिक काढल्या, परत बसवल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बटण दाबून भाच्याला फोन लावला.

"बंद केलास का मध्येच?"

"दोनदा."

"मामा, हात लावू नकोस. चहा टाक."

एएम5 बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. मी दोन्ही वेळा त्याला अर्ध्यातच उठवलं होतं. चहा उतू जाण्याच्या बेतात होता तेवढ्यात आतल्या खोलीतून उजेड आला.

बायोसमध्ये रॅमचा वेग दिसला 4800. खोक्यावरचे 6000 आपोआप मिळत नाहीत, एक्सपो आपण चालू करावा लागतो. तो केला की पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा काळी स्क्रीन. या वेळी मी शांत. आता चारही स्लॉट भरून 64 जीबी करावं असा मोह होतो, पण चार स्टिकसाठी या प्रोसेसरला एएमडीची अधिकृत वेगमर्यादा फक्त 3600 आहे, म्हणून ते दोन स्लॉट रिकामेच राहणार.

झोपण्याआधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावला. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा स्क्रीनवर चुका: शून्य. मग विंडोज टाकलं आणि गेम डाउनलोडला लावला. 130 जीबी. आमच्या बिल्डिंगच्या नेटवर सोमवारपर्यंत होईल असं दाखवत होतं.