मिनीचा हब नट आणि नवीकोरी पिन

काल गॅरेजला 1986 ची मिनी आली, ती छोटी ब्रिटिश गाडी. बर्मिंगहॅमला या गाड्या अजून येतात, लाँगब्रिजचा कारखाना इथलाच आणि 2000 साली शेवटची जुनी मिनी तिथूनच बाहेर पडली, त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या लोकांचा फार जीव आहे तिच्यावर. गाडीवाले आजोबा म्हणाले वळताना पुढून टकटक येते, बाकी काही नाही, शनिवारी वेल्सला जायचंय.

जॅकवर घेऊन पुढचं डावं चाक वर-खाली हलवलं तर चांगलाच प्ले, म्हणजे ढिलेपणा. आजोबांना ब्रेक दाबायला सांगितला, प्ले गायब. म्हणजे सस्पेन्शनचा बॉल जॉइंट नाही, चाकाचं बेअरिंगच.

हब नट, म्हणजे चाकाच्या मधला मोठा नट, फिरू नये म्हणून त्यातून घालतात ती कॉटर पिन नवीकोरी, चकचकीत. बघून कुणालाही वाटेल काम नीट झालंय. पिन काढली आणि नट साध्या हँडलने फिरला हो, जोरच लावावा लागला नाही! पोटात गोळा आला माझ्या. नटाखालचा चीर असलेला कोन (शंकूसारखी कडी) काढला तर आत विटकरी रंगाची बारीक पूड, लोखंडावर लोखंड घासून झालेली.

काय झालं असणार ते कळलं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत पुढचा हब नट आवळून परत थोडा ढिला करतात, मी पण कोल्हापुरात तेच शिकलो. मिनीत बेअरिंगच्या मध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी कडी असते, प्ले तो ठरवतो, नटाने फक्त सगळं करकचून धरायचं. पिनचं भोक नटाच्या खाचेशी जुळलं नाही तर नट पुढेच न्यायचा, म्हणजे अजून आवळायचा, मागे कधीच नाही. इथे कुणीतरी पिन बसावी म्हणून मागे घेतला होता.

नवीन बेअरिंग टाकलं. आधी कोनाऐवजी जाड सपाट वॉशर लावून शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) पूर्ण आत ओढून घेतला, कारण कोन लगेच लावला तर तो शाफ्टला धरून बसतो आणि पाना पूर्ण टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दाखवतो पण आत सगळं ढिलंच. मग वॉशर काढून कोन, शाफ्टला पिनचं एकच भोक होतं म्हणून नट 150 फूट-पाउंडला आवळला, आजोबा ब्रेकवर पाय ठेवून. टॉर्क पाना कट वाजला, भोक अर्धंच दिसत होतं, तसाच पुढे ओढला तेव्हा पिन गेली.

आजोबा किल्ली मागायला लागले. म्हटलं थांबा, उजवीकडचं पण बघतो. तिथेही तशीच नवी पिन, आणि नट हातानेच सुटला.

किल्ली मी दिली नाही.