कच्च्या पपईची गोई आणि ताटलीतले पाणी

व्हिएतनामच्या दक्षिणेत ज्याला ‘गोई’ आणि उत्तरेत ‘नोम’ म्हणतात, ते सॅलड कालवले की लगेच खावे लागते. कच्च्या पपईचा लांब, बारीक कीस, उकडलेली कोळंबी, डुकराच्या मांसाचे पातळ काप, ‘राउ राम’ नावाचा तिखटसर पाला, भाजलेल्या शेंगदाण्यांची भरड, कुरकुरीत तळलेला कांदा आणि या सगळ्यावर ‘नुअक माम’ हे मासळीचे आंबवण, लिंबू, साखर, लसूण व मिरची यांचा पातळ रस, असे त्याचे रूप असते. पहिले काही घास अप्रतिम लागतात. पंधरा मिनिटांनी मात्र त्याच ताटलीच्या तळाशी पाणी साचलेले असते, कीस मलूल पडतो, कांदा मऊ होतो आणि रसाची चव पाणचट होऊन जाते. गेले काही महिने मी या पाण्याच्या मागे लागले आहे, आणि त्यासाठी रेणवीय पाककलेतल्या (मॉलिक्युलर गॅस्ट्रॉनॉमीतल्या) ज्या युक्त्या करून पाहिल्या, त्यांतल्या कोणत्या उपयोगी पडल्या आणि कोणत्या नाहीत, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पाणी सुटते त्याचे कारण साधे आहे. बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या पपईच्या पेशी पाण्याने टच्च भरलेल्या असतात आणि म्हणूनच कीस दाताखाली कुरकुरतो. खारट-गोड रस अंगावर पडला की पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. हो ची मिन्ह सिटीत मला गोई शिकवणाऱ्या बाईंनी, ज्यांना मी तिथल्या रीतीप्रमाणे ‘को’, म्हणजे आत्या, म्हणत असे, यावर दोन उपाय सांगितले होते: कीस आधी मीठ लावून घट्ट पिळायचा, आणि पाहुणे बसल्याशिवाय रस घालायचा नाही. त्याच शहरात ले वान ताम उद्यानाजवळ वाळवलेल्या मांसाची गोई विकणारेही रस अगदी शेवटी, ताटली हातात देताना ओततात. म्हणजे समस्या सर्वांना ठाऊक आहे आणि तिचे उत्तर वेळ साधण्यात शोधलेले आहे. मला पाहायचे होते ते एवढेच, की रस घासापर्यंत कोंडून ठेवता येईल का.

रेणवीय पाककला हा शब्दप्रयोग 1988 मध्ये निकोलस कुर्ती हे भौतिकशास्त्रज्ञ आणि एर्वे तीस हे रसायनशास्त्रज्ञ यांनी रूढ केला. तिची ओळख बहुतेकांना फेस, धूर आणि द्रव नायट्रोजन यांमुळे होते, पण तिचा गाभा स्वयंपाकात काय घडते आणि का घडते, हे तपासण्याचा आहे. या दृष्टीने पाहिले तर माझी पहिली चूक मला आधीच कळायला हवी होती. मी रसात जिलेटिन घालून त्याची पातळ चकती बनवली, थंड करून ताटलीत अंथरली आणि तिच्यावर पपईचा कीस रचला. चकती सुरेख, अंबरासारखी दिसत होती. अर्ध्या तासाने कीस उचलला तेव्हा कडेला चकती शाबूत होती, मात्र किसाच्या खाली, त्याच्या प्रत्येक काडीच्या आकाराचे, चिकट पाण्याचे ओहोळ झाले होते. कच्च्या पपईच्या चिकात पपेन हे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) भरपूर असते, आणि जिलेटिन म्हणजे प्रथिनच. जी पपई मांस मऊ करते, ती जिलेटिनला कशी सोडील?

अगार मात्र समुद्री शेवाळातून मिळणारे कर्बोदक असल्यामुळे पपेन त्याला हातही लावू शकत नाही. शिवाय ते व्हिएतनामी स्वयंपाकघराला मुळीच परके नाही. ‘राउ काउ’ नावाची थरांची जेली तिथे घरोघरी अगारचीच होते. हे लक्षात आल्यावर मला फार बरे वाटले, कारण बाहेरची वस्तू या पदार्थात घुसवण्याचा माझा मुळीच हेतू नव्हता.

अगारचे मोती करण्याची रीत अशी. नुअक माम, साखर आणि थोडे पाणी एकत्र करून त्यात अगार घालायचे, म्हणजे 100 मिलिलिटर रसाला सुमारे 1 ग्रॅम, आणि ते पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचे. लिंबाचा रस भांडे आचेवरून उतरवल्यावरच घालायचा, कारण आम्लात उकळलेले अगार नीट धरत नाही आणि लिंबाचा वासही उडून जातो. मग उंच पेल्यात फ्रीजरमध्ये गार केलेले तेल घेऊन त्यात ड्रॉपरने थेंब सोडायचे. थेंब तेलापेक्षा जड असल्याने सावकाश खाली उतरतो, उतरताना गोल होतो आणि तळाला पोहोचेपर्यंत घट्ट होतो, कारण अगार साधारण 35 ते 40 अंश सेल्सियसला गोठते. गाळून, पाण्याने धुऊन घेतले की मोहरीच्या दाण्यांपेक्षा थोडे मोठे, मधाच्या रंगाचे मोती हाती येतात.

एवढ्याशा मोत्यात चव मावायची तर नुअक माम दमदार हवे. फू क्वोक बेटावरचे नुअक माम मी मुद्दाम निवडले. तिथे छोटी मासळी मिठात मुरवून लाकडी पिंपांत सुमारे वर्षभर ठेवतात आणि मासळीतलीच विकरे तिच्या प्रथिनांची अमिनो आम्ले करतात; त्या नावाला 2012 मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षणही दिले. बाटलीवरचा 40 हा आकडा लिटरमागे 40 ग्रॅम नायट्रोजन दाखवतो, म्हणजेच प्रथिनांचा अंश किती उतरला आहे ते सांगतो. रेणूंचे खरे काम त्या पिंपात वर्षभर होऊन गेलेले असते, माझे काम फक्त शेवटच्या दहा मिनिटांचे.

स्पॅनिश शेफ फेरान आद्रिया यांनी आपल्या एल बुयी या रेस्टॉरंटमध्ये 2003 च्या सुमारास प्रसिद्ध केलेली अल्जिनेटची पद्धतही मी करून पाहिली; अल्जिनेट हेही समुद्री शेवाळातलेच, आणि कॅल्शियम भेटले की त्याचे जेलीसारखे आवरण धरते. सोडियम अल्जिनेट लिंबाच्या आंबट रसात घातले की त्याच्या गुठळ्या होतात. उलट पद्धतीने, म्हणजे कॅल्शियम रसात आणि अल्जिनेट बाहेरच्या पाण्यात ठेवून, गोळे जमले, पण ते कालवताना फुटतात, आणि गोई ही कालवण्याचीच गोष्ट आहे. लेसिथिन या फेस धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा लिंबू-फेस तर मी एकदाच केला. तो ताटलीत आणेपर्यंत विरतो आणि त्यात मीठ-आंबट पुरेसे नसते. छायाचित्रापलीकडे त्याचा उपयोग मला दिसला नाही.

किसाच्या बाबतीत मात्र जुन्या युक्तीनेच काम केले. तेत या व्हिएतनामी नववर्षाच्या सणासाठी कोहळ्याचा ‘मुत’, म्हणजे साखरेत मुरवलेल्या फोडी, करताना व्हिएतनामी गृहिणी फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात, म्हणजे पाकात त्या विरघळत नाहीत. निवळीतले कॅल्शियम पेशींच्या भिंतींतल्या पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधते, आणि अल्जिनेटचे गोळे ज्या तत्त्वावर बनतात तेही हेच आहे. मी पपईचा कीस 20 मिनिटे निवळीत ठेवला, तीनदा धुतला, बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि फडक्यात घट्ट पिळला. तो किंचित अधिक कडक झाला, चमत्कार वाटावा इतका नाही, पण तुलना करताना फरक स्पष्ट जाणवला.

परवा केलेल्या ताटलीत राउ राम हाताने तोडलेला होता, शेंगदाणे खलात ठेचलेले होते, आणि रसाच्या जागी मोती होते. मोत्यांतूनही मीठ हळूहळू झिरपतेच, त्यामुळे पाणी अजिबात सुटत नाही असे म्हणता येणार नाही. पण 40 मिनिटांनी तळाशी जेमतेम एक चमचा पाणी होते आणि तळलेला कांदा अजून कुरकुरत होता. पुढच्या वेळी लसूण आणि मिरची मोत्यांच्या बाहेर, किसालाच चोळून पाहणार आहे, कारण अगारमध्ये कोंडल्यावर मिरचीचा झणका उशिरा लागतो आणि गोईत तो पहिल्या घासालाच लागायला हवा.