ग्लासाच्या बुडाशी खोदकाम

आमच्या दुकानात काचेवर काय खोदून घ्यायचं हे बहुतेक ठरलेलं असतं. निवृत्त होणाऱ्या साहेबांचं नाव, सोसायटीच्या अध्यक्षांचं सन्मानचिन्ह, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्याची तारीख. पुण्याच्या पेठेत आणखी काय येणार! त्यामुळे एका तरुणाने खोक्यातून बिअरचे सहा ग्लास काढले आणि "ताई, हे आतून ओरखडून हवेत, अगदी तळाशी," असं सांगितलं तेव्हा आमचे काका हातातलं काम थांबवून बघायला आले. काका म्हणजे पूर्वी स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायचे ते. मशीन आलं तरी ते आमच्याकडेच राहिले, आणि मशीनवर त्यांचा अजूनही विश्वास नाही.

पाहुण्याचं स्वतःचं टॅपरूम होतं, म्हणजे नळातून ताजी बिअर देणारा बार. 2009 साली पुण्यात डूलाली ही जागेवरच बिअर बनवणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून इथे ताजी बिअर पिणारे वाढत गेले. हा त्यातलाच पुढचा गडी. परदेशात असे ग्लास सर्रास मिळतात, हे त्याने फोनवर फोटो दाखवून समजावलं. बेल्जियमच्या डुव्हेल बिअरच्या ग्लासात तळाशी 'डी' कोरलेला असतो. अमेरिकेत सॅम्युअल ॲडम्स या बिअरवाल्यांनी 2007 मध्ये खास लेझरने खोदलेल्या बुडाचा ग्लास काढला. आर्कोरॉक या फ्रेंच काचसामानाच्या ब्रँडचे तयार ग्लास इंग्लंडमधल्या पबांत चालतात. ते मागवायचे तर वाहतूक, कर आणि वाटेतली फूटतूट धरून भाव हाताबाहेर जात होता. "यात ओतलं की गॅस वाढतो," तो म्हणाला.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं ते ट्रॉफ्या विकण्यासाठी नव्हे, पण त्या दिवशी उपयोगी पडलं. गॅस वाढत नाही. बिअरमध्ये लिटरमागे साधारण पाच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळलेला असतो. ग्लासात आल्यावर दाब सुटतो, तरी वायू एकदम बाहेर पडत नाही, कारण द्रवाच्या मधोमध नवा बुडबुडा तयार होणं महाकठीण. तो इतका बारीक असतो की पृष्ठताण त्याला तिथल्या तिथे चिरडून टाकतो. काचेवर ओरखडा असेल तर त्यात आधीच कणभर हवा अडकून बसलेली असते. विरघळलेला वायू तिच्यात शिरतो, बुडबुडा फुगून सुटतो, आणि मागे उरलेल्या हवेवर लगेच दुसरा धरतो. अशी माळ लागते. म्हणजे खोदलेल्या ग्लासातला गॅस उलट लवकर संपतो. फायदा वेगळाच आहे: वर फेस सतत नवा होत राहतो आणि बुडबुड्यांबरोबर वास नाकापर्यंत येतो.

"म्हणजे हळू पिणाऱ्याची बिअर शिळी होणार?"

"होणार. तुमच्याकडे एक ग्लास घेऊन दोन तास बसणारे असतील तर विचार करा."

तो विचारात पडला. माझ्या मते गिऱ्हाईक गमावायची तयारी ठेवून हे आधीच सांगितलेलं बरं.

मग ग्लास तपासले. टफन्ड, म्हणजे मुद्दाम कडक केलेल्या काचेवर लेझर चालवायचा नाही हा आमचा नियम. तिच्या आत ताण कोंडलेला असतो आणि पृष्ठभाग दुखावला की ग्लास फुटून भुगा होऊ शकतो, कधी तिथेच तर कधी नंतर गिऱ्हाइकाच्या हातात. ओळखायला सोपी युक्ती आहे. लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर ग्लास धरायचा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघायचं. ताण असेल तर काचेत रंगीत ढग दिसतात. सहापैकी दोन ग्लासांत ते स्वच्छ दिसले. ते बाजूला ठेवले.

उरलेल्यांचं करायचं कसं? आमचं मशीन कार्बन डायऑक्साइड लेझरचं आहे. (हो, वायू तोच. काकांना ही मोठी गंमत वाटली.) त्याची लेन्स कामापासून जेमतेम दोन इंचांवर असते. ग्लास सहा इंच उंच, तोंड अरुंद. मशीनचं डोकं आत जाणार कुठून? बाहेरून तळावर किरण मारावा तर तो काचेतून पार होत नाही, बाहेरच्याच पृष्ठभागावर शोषला जातो. खोदलेलं दिसलं असतं सुंदर, पण बिअरला त्याचा स्पर्शही झाला नसता. बाहेरून खोदलेले असे ग्लास कुणी 'फेसाचे' म्हणून विकत असेल तर आत बोट घालून बघा: तळ खरखरीत लागला नाही तर पैसे परत मागा.

काकांनी तोवर हिऱ्याच्या टोकाची लांब पिन छोट्या ग्राइंडरला लावली होती. ग्लासात थोडं पाणी घेतलं, म्हणजे काच तापत नाही आणि धूळ उडत नाही, आणि अंदाजाने तळाशी टिपके टाकले, रांगोळीसारखे. एक ग्लास छान झाला. पण शंभर ग्लास एकसारखे हवे होते, आणि हाताने ते जमणार नव्हतं. काकांना हे पटलं नाही.

भोसरीत माझा मावसभाऊ खोक्यांवर बॅच नंबर आणि तारीख उमटवायचं काम करतो. त्याचा लेझरही आमच्याच जातीचा, पण त्याचं डोकं जागचं हलत नाही. आतले दोन छोटे आरसे हलतात आणि लेन्स बरीच उंचावरून किरण खाली सोडते. असा किरण ग्लासाच्या तोंडातून सरळ बुडाशी पोचतो. दुपारी खोकं घेऊन तिकडे गेलो. पॉवर जास्त पडली तर काचेच्या खपल्या उडतात, म्हणून कमी पॉवरवर सुरुवात केली आणि तळाला भांड्याच्या साबणाचा पातळ थर दिला. एका ग्लासात फक्त टिपक्यांचं छोटं कडं, दुसऱ्यात टॅपरूमचा भरीव लोगो. नंतर ब्रशने घासून, धुऊन, भिंगाखाली पाहिलं. काचेचा कण पोटात जाण्याचा प्रश्न असल्यावर इथे घाई नाही.

कारखान्यात बिअर कुठली! सोड्याच्या बाटल्या आणल्या. सगळ्यात ओतल्या, आणि खोदलेल्या ग्लासांइतकीच जोरदार माळ साध्या ग्लासातही लागली. भाऊ हसायला लागला. कारण निघालं फडकं. मी साधा ग्लास सुती फडक्याने पुसला होता, आणि सुताचा बारीक धागा चिकटला की त्याच्या पोकळीतही हवा अडकते, बुडबुडे तिथूनच निघतात. शॅम्पेनच्या ग्लासांबाबत फ्रान्समधल्या रीम्स विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर यांनी हेच दाखवलं आहे. तोच ग्लास धुऊन, उपडा ठेवून, न पुसता वाळवला, आणि मग सोडा जवळपास शांत बसला. खोदलेल्या दोन्हींत मात्र तळापासून सरळ खांब उठले.

खरी परीक्षा संध्याकाळी टॅपरूममध्ये. त्यांच्या लागरवर, म्हणजे नेहमीच्या हलक्या सोनेरी बिअरवर, कडं खोदलेल्या ग्लासात बोटभर फेस शेवटपर्यंत टिकला. साध्या ग्लासात तो लवकर बसला. भरीव लोगोचा ग्लास मात्र नळाखालीच उतू जायला लागला. बारमन वैतागला: अर्धी बिअर ट्रेमध्ये, वर थांबायचं. भरलेला ग्लासही सगळ्यांत आधी मिळमिळीत झाला. मालकाचा लोगोवर जीव होता, तो त्याला सोडावा लागला. गव्हाच्या बिअरमध्ये फरक फारसा कळेना. तिच्यात गॅस मुळात जास्त आणि फेस धरून ठेवणारी प्रथिनंही भरपूर, तिला आमची गरजच नव्हती.

शेवटी ठरलं ते असं: कडं फक्त लागर आणि तिचाच प्रकार असलेल्या पिल्सनरच्या ग्लासांना, गव्हाची बिअर साध्या ग्लासात. धुताना भरपूर पाण्याने खळबळायचं, कारण साबण किंवा तेलकटपणा त्या खाचांत बसला तर फेस मरतो. फडक्याला बंदी. आणि या ग्लासात कुणी लस्सी द्यायची नाही, हे मी दोनदा सांगितलं.

तेव्हापासून घरच्यासाठी विचारणारेही येतात. एकदोन ग्लासांसाठी भोसरीला जाणं परवडत नाही, ते काम काकांच्या हिऱ्याच्या पिनेवरच होतं. साधा, जाड बुडाचा, टफन्ड नसलेला ग्लास आणा, एवढंच सांगते. परवा एक आजोबा स्टीलचा पेला घेऊन आले. त्यातही बुडबुडे येतील, फक्त दिसणार नाहीत, असं मी म्हटलं. "मला कुठे बघायचेत," ते म्हणाले, आणि वर नावही घालून घेतलं.