तुम्ही विचारलंत म्हणून : नातवंडं पत्राला उत्तर देतात का?

मी नातवंडांना पत्रं लिहितो म्हटलं की लोक आधी विचारतात, "व्हिडिओ कॉल आहे की, मग पत्रं कशाला?" त्याचं काहीतरी उत्तर दिलं की जरा आवाज उतरवून पुढचा प्रश्न येतो. "पण मुलं उत्तर देतात का हो?" मनात असतो तो हा दुसरा. आपण हौसेने चार पानं लिहायची आणि तिकडून काहीच यायचं नाही, याची धास्ती असते. ती मला समजते.

देतात. पण मोजायला बसाल तर हिशेब जमणार नाही.

आता कॉलचं. कॉलवर नातवंड एकटं कधी भेटतं? फोन आईच्या हातात. "बोल ना आजोबांशी. काल काय गंमत झाली ते सांग ना." मूल सांगतं, पण ते आईने निवडलेलं. इकडे माझ्या मागून आजीची सूचना, "खोकला गेला का विचारा." दोघांच्या बोलण्यात चौघं. मग मूल हळूच कॅमेऱ्याच्या बाहेर सरकतं आणि आपण छताचा पंखा बघत बसतो. यात कुणाचीच चूक नाही, पण असल्या गर्दीत गुपितं निघत नाहीत.

पत्रात मधे कुणी नसतं. म्हणून मी पाकिटावर फक्त त्या मुलाचं नाव घालतो, दोन भावंडं असतील तर पाकिटं दोन, आणि पाकीट चिकटवतो. आईबाबांना पाठवायच्या सामानात "हे तिला दे" म्हणून सारत नाही. वाचता न येणाऱ्या मुलाला कुणीतरी वाचून दाखवणारच, हरकत नाही. पण फोडायचं त्यानेच.

उत्तर येणं-न येणं बरंचसं आपल्या पत्रावर असतं. "अभ्यास नीट कर, आईला त्रास देऊ नकोस" याला मुलाने काय लिहावं? "बरं" लिहिलं की संपलं. जे फक्त त्या मुलालाच ठाऊक आहे तेच विचारावं. मी एकदा नातीला माझ्या खोलीचा नकाशा काढून पाठवला. चष्मा कुठे हरवतो, कुठली फरशी हलते, खिडकीतून काय दिसतं, सगळं त्यात. खाली एवढंच लिहिलं, "आता तुझ्या खोलीचा." चौकटीच्या वहीचं पान आलं. पलंग, टेबल, दाराच्या वर पाल बसते ती जागा, आणि पलंगाखाली लाल फुली. शेजारी बाण काढून लिहिलं होतं, "इथे काय आहे ते सांगनार नाही." पुढचे कितीतरी महिने आमचा पत्रव्यवहार त्या फुलीवर चालला.

"सांगनार" मधला न मी तसाच ठेवला. पत्र दुरुस्त करून परत पाठवणारे आजोबा मी पाहिले आहेत. त्यांना दुसरं पत्र येत नाही. पाच-सहा वर्षांची मुलं अक्षरं आणि आकडे आरशात दिसावेत तसे उलटे काढतात, तेही वयाचंच असतं. बहुतेकांचं आपोआप सरळ होतं. शिकवायला शाळा आहे.

याच नातीने एकदा मला पेचात टाकलं. ती दुसऱ्या देशात राहते. तिने विचारलं, "तिकिटाचे पैसे तुमच्या पोस्टाला मिळाले, मग आमच्या पोस्टमनला कोण देतं?" मी शोधलं, तर काय सुंदर गोष्ट निघाली! पूर्वी देशादेशांत वेगवेगळे टपाल-करार असत आणि दर ठरवताना डोक्याला ताप. मग ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांनी एकच करार केला. तिकिटाचे पैसे ज्याने पत्र पाठवलं त्याने ठेवायचे, पोचवणाऱ्याने काही मागायचं नाही. विचार असा, की प्रत्येक पत्राला उत्तर जाणारच, म्हणजे दोन्हीकडची फिटंफाट. सरकारांनी उत्तराच्या भरवशावर व्यवहार उभा केला होता! तो बरीच वर्षं चालला. पण काही देशांकडे टपाल जास्त येई आणि तिथून कमी जाई. शेवटी १९६९ मध्ये टोकियोच्या टपाल परिषदेत ठरलं, की ज्याच्याकडे जास्त येतं त्याला वाटपाचा खर्च द्यायचा.

म्हणजे फिटंफाट होत नाही हे जगातल्या टपालखात्यांनाही कबूल करावं लागलं. आपण आजी-आजोबा. आपल्याकडून जास्त जाणार, हे धरूनच चालावं. चौदा-पंधराव्या वर्षी तर तिकडून येणं जवळजवळ थांबतं. माझा मोठा नातू आता लिहीत नाही. परवा कॉलवर त्याची आई उठून गेली तेव्हा हळूच म्हणाला, "ते बंद पडलेलं घड्याळ, त्याचं पुढे काय झालं?" घड्याळाचं मी फक्त पत्रात लिहिलं होतं. मला त्याचं उत्तर पोचलं.

काहीजण विचारतात, हात थरथरतो, टाइप केलं तर? करा की. खाली एक ओळ आणि सही मात्र हाताने, वेडीवाकडी असली तरी. मुलांना सांगून ठेवा, पिवळ्या स्केचपेनने लिहू नका, आजीला दिसत नाही. शिवाय स्केचपेनची शाई उजेडात विटते. साधी पेन्सिल उडत नाही. आलेली पत्रं फाटली तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. वहीत चिकटवूही नका, पाकिटातच राहू द्या, तारीख त्याच्यावरच असते.

आणि उत्तर हवंच असेल तर आपला पत्ता घातलेलं एक पाकीट पत्रासोबत पाठवा. मुलांचं लिहून होतं, घोडं पाकीट आणि तिकिटापाशी अडतं. नातवंड आपल्याच देशात असेल तर तिकीटही लावून द्या. परदेशात असेल तर तिकीट तिथलंच लागतं, आपलं चालत नाही. ते काम तिच्या आईकडे सोपवा. तेवढ्यापुरतं तिला मधे येऊ द्यायला माझी हरकत नाही.