काळोख किती आहे घरात?

चतुर्थीला चाकरमानी गावात आले, की रात्रीच्या आरतीनंतर पडवीत कोणीतरी हा विषय काढतंच. "ताई, तू एवढे सिनेमे बघतेस, पणजीच्या फेस्टिवलला जातेस. सिनेमा बघायला टीव्ही कुठला घेऊ ते सांग." मुंबईचे भाचे विचारतात, शेजारी विचारतात, वाडीतला एखादा मुलगा हप्त्यांचे कागद भरायच्या आधी फोन करतो. सणाच्या सवलती चालू असतात, सगळ्यांना घाई असते, आणि मी उलट विचारते, तुझ्या घरात काळोख किती आहे? मी उत्तर टाळतेय असं त्यांना वाटतं. पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

बघायला मी दशावतारात शिकले. जत्रेच्या रात्री देवळासमोर एक बाकडं, पायपेटी, पखवाज, झांज आणि वर टांगलेली गॅसबत्ती. तेवढ्या उजेडाच्या गोलापलीकडे माडांचा काळोख. त्या काळोखातून काळ्या पोशाखातला संकासुर यायचा. आम्ही पोरं आजीच्या लुगड्यात तोंड लपवायचो, पण एका डोळ्याने बघायचोच. मागची रात्र काळी, त्याचं कापडही काळं, तरी दोन्ही काळे वेगवेगळे दिसायचे. टीव्ही निवडताना मी अजूनही हेच बघते. काळ्यावर काळं ओळखू येतं का? दुकानात हे कळत नाही. तिथे ट्यूबलाइटच्या झगझगाटात पोपट, फुलं आणि फळं दाखवतात.

आता पडद्यांचं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीबरोबर चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जपलाय. त्यासाठी तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. हा खेळ बघितला असेल तर एलसीडी तुम्हाला कळलाच म्हणून समजा. मागे दिवा सतत जळत असतो आणि पुढची बाहुली त्याचा उजेड अडवते. एलसीडीतही तसंच, मागचा उजेड द्रव-स्फटिकांचा थर अडवतो. 'एलईडी टीव्ही' म्हणून विकतात तोही हाच, फक्त मागचा दिवा एलईडीचा. अडवणं कधीच पुरतं होत नाही, थोडा उजेड पाझरतो, आणि रात्रीचं दृश्य काळं न दिसता धुरकट राखाडी दिसतं. मिनी-एलईडीमध्ये मागच्या दिव्यांचे शेकडो गट करतात आणि जिथे अंधार हवा तिथला गट मंद करतात. फरक पडतो, पण काळ्या आभाळातल्या चंद्राभोवती उजेडाचं खळं राहतं.

ओएलईडी म्हणजे देवळासमोरची दीपमाळ. मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. त्यातली हवी ती पणती विझवता येते, आणि विझली की तिथे खरा काळोख. रुंद चौकटीच्या सिनेमात फरक लगेच जाणवतो. चौकट २.३९ ची, म्हणजे रुंदी उंचीच्या २.३९ पट, असली तर १६:९ च्या पडद्याचा साधारण पाव भाग वर-खाली काळ्या पट्ट्यांत जातो. माझ्या पहिल्या एलसीडीवर ते पट्टे रात्री चक्क उजळलेले दिसायचे, जणू सिनेमाला करड्या कापडाची किनार लावलीय. ओएलईडीवर ते खोलीच्या अंधारात विरून जातात.

मग सगळ्यांना ओएलईडीच घ्या म्हणू का? नाही. पडवीत किंवा मोठ्या खिडक्यांच्या हॉलमध्ये दिवसा मॅच, संध्याकाळी मालिका आणि महिन्यातून एखादा सिनेमा असं चालत असेल, तर तो काळोख उजेडातच बुडणार. अशा घरी चांगला मिनी-एलईडी घ्या, तो जास्त प्रखर असतो. वृत्तवाहिनी दिवसभर चालू राहणार असेल तर ओएलईडीवर एका जागचं बोधचिन्ह कायमचं उमटायची भीती आहे, हेही लक्षात असू द्या.

प्रोजेक्टरवर माझा फार जीव होता. आठ फुटी पडदा, आणि समोरची माणसं माणसांएवढी! पण प्रोजेक्टरला काळा रंग फेकताच येत नाही, तो फेकतो फक्त उजेड. पडद्यावरचा काळा म्हणजे तुमच्या खोलीचा काळोख, आणि भिंती पांढऱ्या असतील तर पडद्यावरून परतलेला उजेड तोही धुऊन टाकतो. शिवाय आपली हवा. एका श्रावणात यंत्र महिनाभर डब्यात राहिलं आणि भिंगावर बुरशीची नक्षी उमटली. त्या दिवशी मी रडले होते. प्रोजेक्टर घेणारच असाल तर पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी चालवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

पडदा कुठलाही असो, घरी आणल्यावर पहिल्याच रात्री एक काम करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. आजचे टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून त्यात घुसडतात, मग मोठ्या कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. मेनूत 'मोशन' नावाचं जे काही असेल ते बंद करा. 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर मोड' लावा. पहिल्या दिवशी चित्र पिवळट आणि मंद वाटेल. चार दिवस थांबा. चित्रपटगृहातल्या डिजिटल प्रोजेक्शनचं मानक अवघं ४८ निट्सचं (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) आहे, आणि बरेच नवे टीव्ही १००० निट्सच्या पुढे जातात. अंधारात ४८ पुरतात.

याची खात्री मला दरवर्षी इफ्फीत, म्हणजे पणजीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, पटते. २००४ पासून तो गोव्यात भरतो, आणि वेंगुर्ल्याहून पणजी म्हणजे सकाळची एसटी पकडली की झालं. जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारातली रांग ही माझी आवडती जागा. मल्याळी पोरं, पुण्याचे म्हातारे, बंगाली जोडपी, सगळे एकमेकांना विचारत असतात, काल काय बघितलंत, कसा होता. 'कान्सला गाजलाय' एवढ्यावर मी आत जात नाही. मी विचारते, त्यातलं डोळ्यांसमोर काय राहिलं? सांगणारा एखादं दृश्य हातवारे करून सांगायला लागला, की तो सिनेमा माझ्या यादीत वर चढतो. असे चार-पाच दिवस अंधारात काढून घरी आले, की त्या रात्री माझाच टीव्ही डोळ्यांना बोचतो आणि मी त्याचा उजेड आणखी उतरवते.

घरच्या पडद्याची परीक्षा मी ठरलेल्या सिनेमांवर घेते. 'बॅरी लिंडन' (१९७५) मेणबत्त्यांसाठी. ती दृश्यं स्टॅन्ली कुब्रिकने नासासाठी बनवलेल्या, अगदी कमी उजेडातही चालणाऱ्या ०.७ अ‍ॅपर्चरच्या भिंगाने टिपली होती. ज्योतीभोवती खळं दिसलं की पडदा नापास. बर्लिनच्या महोत्सवात क्रिस्टल बेअर पुरस्कार मिळवणारा अविनाश अरुण यांचा 'किल्ला' पावसासाठी. भर पावसात त्या किल्ल्यात एकटा पडलेला मुलगा आणि वरचं आभाळ, यात करड्याच्या किती छटा आहेत ते आपल्याला शिकवावं लागत नाही, आषाढभर आपण तेच आभाळ बघतो. नेट मंद असलं की त्या आभाळाचे पट्टे पडतात, तेव्हा टीव्हीला दोष देऊ नका. आणि पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट', ज्याला २०२४ मध्ये कान्सला ग्राँ प्री पुरस्कार मिळाला. मुंबईच्या गर्दीतून तो रत्नागिरीच्या किनाऱ्यावर येतो आणि शेवटी रात्री एका टपरीच्या रंगीत दिव्यांपाशी थांबतो. भोवती समुद्राचा काळोख. ज्याने आपल्या किनाऱ्यावरची रात्र अनुभवलीय, त्याला तो काळोख राखाडी दिसलेला चालत नाही. मला तरी नाही चालत.

गेल्या चतुर्थीला भाच्याला माजघरात बसवून, दारं लोटून, तेवढा शेवट दाखवला. आधी माझ्या जुन्या एलसीडीवर, मग ५५ इंची ओएलईडीवर, साडेसात फुटांवरून. एलसीडीच्या वेळी आई मागून म्हणाली, "ह्येच्यात रात कशी ती वाटणा नाय." भाचा काही बोलला नाही. मुंबईला जाऊन त्याने आधी खिडक्यांना जाड पडदे शिवून घेतले. टीव्ही अजून घेतलेला नाही. परवा फोन करून विचारत होता, टीव्हीच्या मागच्या भिंतीला रंग कुठला देऊ. करडा दे म्हटलं, आणि चकाकी अजिबात नको.