ग्रास कटर, चौथा रविवार: दुखणं सापडलं

आज सलग दोन टाक्या जाळल्या आणि मशीन एकदाही मेलं नाही. घरामागची काजूची बाग गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) साफ झाली. महिनाभर छळणारं दुखणं सापडलं, आणि ते मी शोधत होतो तिथे नव्हतंच.

मशीन म्हणजे 43 सीसीचा टू-स्ट्रोक, खांद्याला अडकवायचा कटर. कंपनीचा स्टिकर कधीच उडालाय. मावसभावाने ‘नेतोस तर ने, नाहीतर भंगारात घालतो’ म्हणून दिलेलं. अख्खा पावसाळा पडवीत पडून होतं, टाकीत गेल्या वर्षीचं पेट्रोल तसंच. झाकण उघडलं तर पेट्रोलचा नाही, जुन्या वॉर्निशसारखा वास. ते ओतून टाकलं, नवीन भरलं, 1 लिटरला 40 मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात मिसळायचं तेल) मोजून. (मोजून म्हणजे मोजून. ‘एक बूच टाक’ हे माप नव्हे.)

लक्षण असं: टाकी भरून चालू केलं की वीसेक मिनिटं झकास. मग रेस हलवलेली नसताना आवाज आपसूक चढायचा, बारीक, किंचाळल्यासारखा, आणि फट्ट. लगेच दोरी ओढून उपयोग नाही. फणसाखाली बसून चहा घ्यायचा, टाकी भरून घ्यायची, की पहिल्या दोन ओढीत चालू.

यावरून मी काय ठरवलं? गरम झाल्यावर प्लगला ठिणगी देणारी कॉइल दगा देते. टू-स्ट्रोकवाल्यांचा हा आवडता संशय. पहिल्या रविवारी कॉइल सोडली, फ्लायव्हीलच्या मॅग्नेटवरचा गंज पॉलिश पेपरने काढला, कॉइल आणि मॅग्नेटमधली फट 0.3 मिमी लावली. फीलर गेज (फट मोजायची पत्री) सापडेना म्हणून लग्नपत्रिकेचा तुकडा मधे धरून कॉइल आवळली. नंतर गेज मिळाल्यावर बघितलं, बरोबर बसली होती. फरक शून्य.

दुसऱ्या रविवारी कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. आतला पातळ पडदा नखाने दाबला तर प्लास्टिकच्या पिशवीसारखा कडकड वाजला. तो मऊच हवा. कुडाळहून किट आणलं. इथे घाई नडली: एका बाजूला बॉडीला आधी गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) आणि वर पडदा, दुसऱ्या बाजूला आधी पडदा आणि वर गॅस्केट. मी दोन्हीकडे सारखंच बसवलं, आणि मशीनने पेट्रोलच ओढलं नाही. परत उघडलं. माझं ऐका, उघडण्याआधी फोटो काढा, प्रत्येक थराचा. सरळ बसवल्यावर उठाव सुधारला, पण वीस मिनिटांनी पुन्हा फट्ट. गडग्यापलीकडून शेजारचे आबा बघत होते. म्हणाले, “कोयतो घेतलं असतंस तर एदोळ अर्धी बाग झाली असती.”

तिसऱ्या रविवारी सायलेन्सर काढला. जाळी काजळीने इतकी भरलेली की उजेड दिसेना. मावसभावाचा गडी बहुतेक टू-टीऐवजी गाडीचं इंजिन ऑइल घालत असावा. पिस्टन वर आणून एग्झॉस्टचं भोक त्याच्या भिंतीने झाकलं, म्हणजे खरवड सिलिंडरमध्ये पडत नाही, आणि बांबूच्या कामटीने काजळी खरवडली. स्क्रूड्रायव्हर तिथे घालायचा नाही, पिस्टनला ओरखडा गेला की खेळ खलास. मग पिस्टन खाली नेऊन त्याच भोकातून सिलिंडरची भिंत बघितली. उभे चरे नाहीत. जीव भांड्यात पडला. ताकद वाढली. रोग तोच.

गेल्या बुधवारी संध्याकाळी मशीन बंद पडलं आणि घरात पेट्रोलच नव्हतं. टाकी निम्मी होती, म्हणून नुसता अर्धा तास थांबलो. गार झालं, तरी चालू होईना. तेव्हा डोक्यात उजेड पडला: इतके दिवस मशीन गार होतं म्हणून नव्हे, मी टाकी भरतो म्हणून चालू होत होतं.

टाकीतली नळी बाहेर ओढली. बाहेरचा भाग ठीक, पण आत, नळी ज्यातून टाकीत शिरते त्या रबरी बुचाच्या जरा खाली, पिवळी पडून कडक झालेली. दिसायला अखंड. फिल्टरकडचं टोक बोटाने दाबून दुसऱ्या टोकाला इंजेक्शनची सिरिंज लावली आणि पंक्चरवाल्यासारखी बादलीत बुडवली. बुडबुड्यांची बारीक माळ! केसाएवढी चीर. टाकी भरलेली असेपर्यंत चीर पेट्रोलमध्ये बुडालेली, म्हणून ओढलं तरी पेट्रोलच ओढते. पातळी चिरेखाली गेली की हवा. हवा वाढली, पेट्रोल कमी, म्हणून तो चढा आवाज. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणजे त्या किंचाळण्याच्या वेळी पिस्टन जवळजवळ कोरडा धावत होता. मी त्याला तीन आठवडे तसा धाववला, हे आठवून अजून पोटात गोळा येतो.

नवीन नळी, फिल्टर आणि बूच मिळून 90 रुपये. नळीचं टोक तिरकं कापलं की बुचातून सहज ओवता येतं.

नळी कशाने गेली? वय हे एक. दुसरं, पंपावरचं ई-20. 20 टक्के इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आमच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. जुन्या रबराला, प्लास्टिकला ते मानवत नाही. आता काम संपलं की टाकी रिकामी करतो आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून मशीन बंद पडेपर्यंत चालू ठेवतो.

राहिलं आहे ते गिअरबॉक्सचं ग्रीस. त्यासाठी पातं काढायला गेलो तर नट हलेना. याचे आटे उलटे असतात हे माहीत असूनही हात सवयीने डावीकडेच फिरतो, म्हणजे मी तो आणखी आवळलाच असणार. सध्या त्यावर रॉकेल सोडून ठेवलंय. आबा मघाशी येऊन गेले, नातवाचं मशीन घेऊन. त्यांचंही टाकी अर्धी झाली की बंद पडतं.